सोय जाणे तो सोयरा

गेल्या वर्षी जूनमध्ये, पहिला पाऊस होऊन काही दिवस झाले असताना, मी आईला घेऊन ठाण्याच्या येऊर डोंगरावर गेले होते. आई चौऱ्याहत्तर वर्षांची होती. वर्तकनगरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना गेली चाळीस वर्षे तिने तो डोंगर रोज पाहिला आहे. उन्हाळ्यात तो करडा पडतो आणि पावसाच्या पहिल्या आठवड्यात बघता बघता हिरवा होतो, हे ती शेजारणींना दर वर्षी नव्याने सांगते. परंतु त्याच्या अंगाखांद्यावर ती आजवर जेमतेम चार-पाच वेळा गेली असेल. त्या दिवशी आम्ही ठाणे महापालिकेच्या टीएमटी बसने वर गेलो आणि ओल्या मातीच्या वासात रमतगमत चालू लागलो. वीस-पंचवीस मिनिटे आई झाडे ओळखत, मधूनच थांबत चालली आणि मग एकाएकी गप्प झाली. "काय गं, दमलीस का?" असे विचारल्यावर "नाही, पण आता परत जाऊ या," एवढेच म्हणाली. मला उलगडा झाला नाही. तो झाला रस्त्याच्या कडेला शेवळांच्या, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला उगवणाऱ्या रानभाजीच्या, जुड्या मांडून बसलेल्या एका बाईंना. त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे एकवार पाहिले, टोपलीवर सागाचे पान झाकले आणि त्या उठल्या. "आजी, माझं घर इथं मागंच आहे. चला, बसा जरा." घराच्या मागच्या अंगाला सिमेंटचे छोटे शौचालय होते, दाराशी पाण्याने भरलेली बादली होती आणि तिच्यात तांब्या तरंगत होता. आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला होता. "आता म्हणशील तितकं चालते," ती म्हणाली.

आपल्या बायकांच्या बोलण्यात "तिथे सोय आहे का?" या प्रश्नाचा अर्थ एकच असतो आणि तो कोणाला फोड करून सांगावा लागत नाही. लग्नाचे कार्यालय असो, यात्रा असो वा एसटीचा लांबचा प्रवास, हा प्रश्न आधी विचारला जातो आणि उत्तर नाही असे आले की कित्येक जणी जाणेच टाळतात. डोंगरावर आणि जंगलात त्या का दिसत नाहीत, याचे कारण मला त्या सकाळी पहिल्यांदा नीट कळले. मी पंचवीस वर्षे येऊरला चालायला जाते आणि अकरा वर्षे आमच्या सोसायटीच्या मुलांची निसर्ग शिबिरे भरवते, तरीही ते आजवर माझ्या ध्यानात आले नव्हते, याचे मला मनापासून वाईट वाटले.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या पश्चिमेला बोरिवली-कांदिवलीची उपनगरे आहेत, पोटात तुळशी आणि विहार हे दोन तलाव आहेत आणि पूर्वेकडचा आमचा उतार म्हणजे येऊर. उपवन तलावाच्या वरून वळणावळणाने रस्ता चढतो, फाटक लागते आणि त्यापुढे पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा अशी वारली आणि इतर आदिवासींची वस्ती सुरू होते. सकाळी या रस्त्यावर धावणारे, सायकली चालवणारे, दुर्बिणी गळ्यात अडकवलेले पक्षीनिरीक्षक असे पुष्कळ लोक भेटतात. त्यांत साठीच्या पुढच्या बायका, गुडघे दुखणारी माणसे आणि लहान मूल कडेवर घेतलेली आई मात्र क्वचितच दिसते. ज्यांना एक तास पाण्याशिवाय, बसण्याच्या जागेशिवाय आणि शौचालयाशिवाय काढता येतो, त्यांच्यासाठीच जंगल खुले राहते. पर्यटकांच्या सोयींचा विषय निघाला की चर्चा उपाहारगृह, झिपलाइन, सेल्फी पॉइंट आणि काचेचा पूल यांच्याकडे वळते, आणि मग जंगलावर प्रेम करणारे लोक घाबरून सरसकट सगळ्याच सोयींना विरोध करतात. ती भीती खोटी नाही. परंतु एका शौचालयाला आणि एका ध्वनिक्षेपकाला एकाच तराजूत तोलणे हा अन्याय आहे, आणि तो आईसारख्यांच्या वाट्याला येतो.

जंगलातले शौचालय ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. शहरातले फ्लशचे शौचालय डोंगरावर नेऊन ठेवले तर पावसाळ्यात ते बरे चालते. मार्च उजाडला, ओढे आटले, टाकीत पाणी उरले नाही की तेच महिनाभरात वापरण्याच्या पलीकडे जाते आणि मग त्याला कुलूप लागते. कुलूप लागलेले शौचालय नसलेल्या शौचालयापेक्षा वाईट, कारण माणूस त्याच्या भरवशावर आलेला असतो. आपला डोंगर काळ्या बसाल्टचा आहे, वरचा मातीचा थर अनेक ठिकाणी हातभरही नाही आणि खडकाच्या भेगांतून झिरपलेले पाणी खाली कोणाच्या तरी झऱ्याला किंवा विहिरीला जाऊन मिळते. त्यामुळे शोषखड्डा कुठे घ्यायचा हे जागा बघून ठरवावे लागते. खेड्यांत वापरतात ते दोन खड्ड्यांचे शौचालय इथे बरे पडते: एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा, पहिला बंद ठेवायचा आणि त्यातल्या मैल्याचे खत होऊ द्यायचे. दर वेळी तांब्या-दोन तांबे पाण्यात भागते. आमच्या शिबिरात जिथे काहीच बांधलेले नसते तिथे मी मुलांना ओढ्यापासून किमान साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा खणायला आणि नंतर त्याच मातीने बुजवायला शिकवते. पहिल्या दिवशी मुले लाजतात. दुसऱ्या दिवशी खुरपे कोणाकडे आहे म्हणून हाका मारतात.

याच डोंगराच्या दुसऱ्या बाजूला कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथे गेल्यावर लोक मोठा चैत्य आणि बुद्धमूर्ती पाहून परततात. मी मुलांना नेते तेव्हा आधी पाण्याची टाकी दाखवते. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचे, असा वर्षावासाचा नियम होता. पुढे ही जागा बारमाही वस्तीची झाली आणि तिथे राहणाऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी अशी व्यवस्था केली की बहुतेक लेण्यांच्या तोंडाशी कातळात खोदलेले टाके आहे आणि माथ्यावरून घरंगळणारे पावसाचे पाणी कोरलेल्या पन्हाळीतून त्यात उतरते. शिलालेखांतल्या प्राकृतात या टाक्याला पोढी म्हणतात. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख तिथे आहे. इतर लेखांत बसण्यासाठी ओटे दिल्याचे उल्लेख सापडतात. ठाण्याशेजारच्या एका कारागिराला पुण्य मिळवावेसे वाटले तेव्हा त्याने डोंगरावर पाण्याची सोय केली, आणि तीही अशी की ती डोंगराच्याच अंगात मुरून गेली. ते टाके वाकून पाहताना कडेच्या कातळावर छिन्नीचे तिरपे घाव अजून स्पष्ट दिसतात. हात फिरवला की वरचे घाव खरखरीत लागतात आणि पाण्याच्या पातळीजवळचे गुळगुळीत.

आज याच डोंगरावर आपण पाणी प्लास्टिकच्या बाटलीत भरून नेतो आणि बाटली तिथेच सोडून येतो. फाटकाशी चार मोठे माठ, वर झाकण, तोटी आणि शेजारी रोज पाणी भरणारी पाड्यावरची एखादी पगारी व्यक्ती, एवढ्यावर निम्म्या बाटल्या थांबतील असे मला वाटते. बाकांचेही तसेच. सुशोभीकरणाच्या नावाखाली बसवतात ते दगडी बाक बहुधा बुटके असतात आणि त्यांना हात नसतात. त्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठताना दुसऱ्याचा आधार मागावा लागतो. दर दोन-तीनशे पावलांवर खुर्चीच्या उंचीचा, दोन्ही बाजूंना हात असलेला एक साधा लाकडी बाक सावलीत असला तर आईसारखी बाई अर्धा डोंगर स्वतःच्या पायांनी चढेल.

आता मुक्कामाकडे वळते, कारण माझा जीव खरा त्यात अडकलेला आहे. १९८४ साली मी आठवीत असताना गाइडच्या शिबिराला पहिल्यांदा तंबूत झोपले. घोडबंदर रस्त्याला तेव्हा भातखाचरे होती आणि डोंगराच्या पायथ्याशी एका शेतात आमचे पाच तंबू लागले होते. जाड कॅनव्हासचा तो तंबू ओला झाला की जणू एका बैलाच्या वजनाचा होई. आमच्या बाईंनी आम्हाला मेख जमिनीत तिरपी ठोकायला, तणावा ओढून गाठ मारायला आणि जमिनीचा उतार ओळखून तंबूचे तोंड फिरवायला शिकवले. तंबूभोवती वीतभर चर खणायचा हाही तेव्हाचा धडा होता. आता मी तो शिकवत नाही, कारण खणलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते आणि चराची ओघळ होते. त्यापेक्षा जरा उंचवट्याची जागा शोधावी. रात्री कंदील विझवल्यावर बाईंनी सगळ्यांना दहा मिनिटे गप्प बसवले. आधी काहीच ऐकू आले नाही. मग बेडूक, मग दूरचा पिंगळा, आणि मग रातव्याचा तो टक्-टक्-टक् असा एकसुरी आवाज, जणू कोणी लांबवर लाकडी फळीवर हातोडी मारत आहे. त्या दहा मिनिटांमुळे मी आज हे काम करते.

तीन वर्षांपूर्वीचा अनुभव याच्या अगदी उलट होता. उद्यानाच्या हद्दीबाहेर, जंगलाला लागून असलेल्या एका खासगी जागेत 'निसर्ग शिबिर' असते असे कळले म्हणून मी बावीस मुलांना घेऊन एका रात्रीसाठी गेले. जागा आधी स्वतः जाऊन पाहिली नाही, ही माझी चूक होती. नायलॉनचे तंबू कोरड्या ओढ्याच्या पात्रात एकमेकांना खेटून लावलेले होते, चारी कोपऱ्यांत पांढरे प्रखर दिवे होते आणि साडेअकरापर्यंत ध्वनिक्षेपक चालू होता. साठ-सत्तर माणसांत दोन शौचालये होती, तीही तंबूंपासून लांब, वाटेत काळोख. आमच्या मुलींनी काय केले ते मला दुसऱ्या दिवशी कळले: संध्याकाळी सहानंतर एकीनेही पाण्याचा घोट घेतला नाही, रात्री जायला लागू नये म्हणून. तिघींनी तर जेवणही अर्धवट सोडले. घरी आल्यावर दोन दिवसांनी त्यांतल्या दहा वर्षांच्या एका मुलीला ताप आला आणि डॉक्टरांनी लघवीचा जंतुसंसर्ग सांगितला. तिच्या आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि त्यामुळेच ते मला अधिक लागले.

तेव्हापासून मी शिबिराची जागा ठरवण्याआधी दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा अशी दोनदा जाऊन येते. तंबूपासून शौचालयापर्यंत दहा वर्षांची मुलगी मैत्रिणीला घेऊन न घाबरता जाईल का, हे मी स्वतः बॅटरी घेऊन चालून पाहते. वाटेवर दिवा हवाच, परंतु तो गुडघ्याच्या उंचीचा, पिवळसर आणि जमिनीकडे तोंड केलेला असावा; पांढऱ्या दिव्यावर किडे झेपावतात, किड्यांमागे पाली आणि बेडूक येतात आणि त्यांच्यामागे साप. तंबूची चेन रात्री पूर्ण लावायची, बूट आत घ्यायचे आणि सकाळी झटकून घालायचे, हे मी मुलांकडून घोटून घेते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चारही नावे त्यांना पाठ असतात, आणि सापाचे विष उतरवणारी लस जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे याची चौकशी मी निघण्यापूर्वी केलेली असते.

राष्ट्रीय उद्यानाच्या आत परवानगीवाचून शिरता येत नाही, तिथे आग पेटवता येत नाही, हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच आहे. अनेकांना ही आडकाठी वाटते. मला ती योग्य वाटते. २०१६ च्या डिसेंबरमध्ये उद्यानाभोवतीचा पट्टाही पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, म्हणजे काठावरच्या जागेतही वाटेल ते करायची मुभा राहिली नाही. दिवसा जंगल माणसांना देता येईल, रात्र मात्र ज्यांची आहे त्यांची राहू द्यावी. स्वयंचलित कॅमेऱ्यांनी केलेल्या मोजणीत या उद्यानात आणि आसपास २०१५ साली ३५ आणि २०१८ साली ४७ बिबटे आढळले. एवढ्याशा जंगलात, दोन महानगरांच्या मध्ये, इतके बिबटे राहतात आणि बहुतेक लोकांना ते आयुष्यात एकदाही दिसत नाहीत, कारण ते आपली वेळ टाळून चालतात. वारली लोक वाघोबाला देव मानतात आणि त्याच्या नावाने दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. संध्याकाळनंतर एकट्याने वाटेवर वाकून बसू नये, पोराला मोठ्या माणसांच्या मधे घेऊन चालावे, या गोष्टी पाड्यावर कोणी पाटीवर लिहून लावत नाही. त्या घराघरांत बोलल्या जातात.

म्हणून मुक्काम फाटकाच्या बाहेर, पायथ्याशी असावा आणि पहाटे उठून परवानगीने आत चालत जावे, हेच मला बरे वाटते. तिथेही कचऱ्याचे भान ठेवावे लागते. पर्यटकांची सोय म्हणून आत ठिकठिकाणी कचराकुंड्या ठेवाव्यात अशी मागणी मी पूर्वी स्वतः केली होती. ती चुकीची होती. कुंडीत उष्टे पडले की माकडे ती उपडी करतात, उरलेल्यावर भटकी कुत्री आणि डुकरे येतात, आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या वस्तीपर्यंत उतरतो. त्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. शेवटी धोका पोचतो तो पाड्यावरच्या घराच्या ओट्यावर झोपलेल्या माणसापर्यंत, ज्याने ते वेफर्सचे पाकीट विकतही घेतलेले नसते. आता आमच्या प्रत्येक मुलाच्या पाठीवरच्या पिशवीत एक रिकामी कापडी पिशवी असते आणि केळ्याच्या सालीसकट सगळे घरी परत येते.

वाट अरुंद ठेवण्याबद्दलही एक सांगायचे आहे. येऊरच्या उतारांवर कारवी आहे. ती आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ साली फुलली, नंतर २०२४ साली. त्या पावसाळ्याच्या अखेरीला डोंगर जांभळा झाला आणि फोटो काढण्यासाठी लोक वाट सोडून झुडपांत शिरले. फुलून झाल्यावर झाड वाळते, पुढच्या उन्हात त्याची बोंडे तडतड फुटतात आणि पहिल्या पावसाला बी रुजते. वाळलेल्या कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या विणून, शेणमाती लिंपून पाड्यावर पूर्वी घरांचे कुड केले जात, म्हणजे निवाऱ्याचे सामानही डोंगरानेच पुरवलेले होते. आईबरोबर गेले त्या सकाळी वाटेच्या दोन्ही बाजूंना कारवीचे नवे कोंब वर आले होते, दोन-दोन पानांचे, बोटाच्या पेराएवढे. आईने चप्पल काढून हातात घेतली आणि पाय कुठे टाकावा ते बघत ती पुढे चालली.

बारा वाजायच्या सुमारास आम्ही परत त्या बाईंच्या टोपलीशी आलो. आईने दोन जुड्या घेतल्या आणि पैसे देताना शौचालयासाठी म्हणून दहा रुपये वेगळे काढले. बाईंनी ते घेतले नाहीत. "त्याचे कसले पैसे, आजी," म्हणाल्या आणि जुड्या गवताच्या काडीने बांधू लागल्या. मग आठवण होऊन त्यांनी फडक्याची गाठ सोडली, मूठभर काकडं, ती आंबट रानफळं, काढली आणि जुड्यांवर ठेवली. "ही टाकल्याबिगर शिजवू नका. घसा खाजतो."